आठ शनिवार, आठ धन्यवचने : चिंचवडच्या अभ्यासवर्गात मला काय मिळालं

आम्हा ख्रिस्ती लोकांकडे ‘धन्य’ हा शब्द दोनच वेळा ऐकू येतो. एकदा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वचन वाचताना आणि एकदा घरात कुणी दूध उतू घालवलं की, “धन्य आहे बाई तुझी!” मला वाटतं, दुसऱ्या वापराची कानाला इतकी सवय झाली आहे की पहिला ऐकूच येईनासा झाला. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली, येशूने ‘अमुक ते धन्य’ असं म्हटलेली आठ धन्यवचनं मी संडेस्कूलमध्ये पाठ केली, बक्षीस म्हणून पेन्सिलही मिळवली, आणि पुढची पन्नास वर्षं ती पाठच राहिली. म्हणून यंदा चिंचवडमधल्या एका मंडळीने, म्हणजे चर्चने, ‘धन्यवचने : आजच्या जगण्यासाठी’ असा आठ शनिवारांचा वर्ग ठेवल्याचं कळलं, तेव्हा नाव दिलं. मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली स्टाफ नर्स. माहेर नगरचं, सासर श्रीरामपूरकडचं. असे वर्ग वेगवेगळ्या मंडळ्या घेत असतात. नाव द्यावं की नाही हा प्रश्न माझ्यासारखा अनेकांना पडत असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्यवहाराचं. फी तीनशे रुपये, त्यात अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका आणि दर वेळी चहा. ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडून फी घेतली नाही, आणि कोणी दिली, कोणी नाही, हे कुणाला कळू दिलं नाही. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी आवडली. वेळ साडेपाच ते सात. आम्ही पस्तीसेक जण होतो. कॉलेजची चार-पाच मुलं, बाकी आमच्या वयाचे. बसायला सतरंज्या, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीला खुर्च्या. पाळकसाहेबही, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, सतरंजीवरच बसले. त्यांनी त्याचं कारण वचनातूनच दाखवलं. येशू डोंगरावर चढला आणि ‘तेथे बसल्यावर’ शिष्य त्याच्याजवळ आले, असं मत्तय लिहितो. त्या काळचे यहुदी गुरू बसून शिकवत. मला मात्र ते बसणं निराळ्या कारणाने बरं वाटलं. उंचावरून ऐकलेलं वचन आज्ञेसारखं वाटतं. शेजारी बसून सांगितलं की तेच वचन कुणीतरी आणलेल्या बातमीसारखं वाटतं.

आणि पहिल्या शनिवारी आम्ही शिकलो ते हेच. धन्यवचनं या आज्ञा नाहीत. ‘दीन व्हा’, ‘शोक करा’ असं त्यात कुठेच नाही. जे दीन आहेत, जे रडत आहेत, त्यांच्याबद्दल ती घोषणा आहे. पाळकसाहेबांनी आठही वचनं फळ्यावर लिहिली आणि क्रियापदांखाली रेघा मारायला लावल्या. पहिल्या आणि आठव्या वचनात एकच वाक्य, ‘कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’. आहे! आणि मधल्या सहांमध्ये ‘होईल’, ‘भोगतील’, ‘पाहतील’, ‘म्हणतील’. दोन्ही टोकांना वर्तमानकाळ आणि मध्ये भविष्यकाळ. पन्नास वर्षं पाठ असून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ‘आत्म्याने दीन’ यातल्या दीन शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘प्तोखोस’ आहे, म्हणजे कसंबसं पोट भरणारा गरीब नव्हे, तर हात पसरल्यावाचून गत्यंतर नसलेला माणूस. रुग्णालयाच्या पोर्चमध्ये रात्री नातेवाईक बसलेले असतात, त्यांचे चेहरे मला आठवले. आपल्या हातात काहीच उरलं नाही हे ज्याला कळून चुकलं आहे, तो.

दुसऱ्या शनिवारबद्दल लिहिताना जरा थांबावं लागतं. ‘जे शोक करीत आहेत ते धन्य, कारण त्यांना सांत्वन प्राप्त होईल.’ त्या दिवशी पंडिता रमाबाईंचं आयुष्य सांगितलं, आणि ते चांगलं सांगितलं. बहुतेक ठिकाणी रमाबाई म्हणजे संस्कृत पांडित्य, शारदा सदन आणि केडगावची मुक्ती मिशन, एवढ्यावर आटोपतात. इथे त्यांच्या मृत्यूंची यादी सांगितली. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. 1880 साली भाऊ. त्याच वर्षी लग्न, आणि 1882 च्या फेब्रुवारीत नवरा. तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही. याच बाईने 1889 मध्ये शारदा सदन उघडलं आणि 1896 नंतरच्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना आपल्याकडे आणलं. दुष्काळ काय असतो हे ती पोटाने जाणत होती. शेवटची कित्येक वर्षं ती हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करत बसली, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. 1921 मध्ये मनोरमाही गेली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाई गेल्या. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, “या बाईने ‘सांत्वन’ शब्द लिहिला असेल तेव्हा तिला त्याची किंमत माहीत होती.”

त्यानंतर त्यांनी गाणं म्हणायला लावलं नाही, प्रार्थनाही केली नाही. दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं. जो गेला त्याचं नाव मनात घ्या, म्हणाले.

2021 च्या एप्रिलमध्ये मी कोविड वॉर्डात होते. किटमध्ये रडता येत नाही. चष्म्यावर वाफ धरते आणि मग सलाइनची शीर दिसत नाही. त्या महिन्यात आमच्या सासूबाई गेल्या, श्रीरामपूरला, मी ड्यूटीवर असताना. मला जाता आलं नाही. नंतरही रडायचं राहून गेलं. लोकांना सांभाळायचं होतं, रजिस्टर भरायचं होतं. त्या शनिवारी, सतरंजीवर, ते रडणं आलं. शेजारच्या बाईंनी काही विचारलं नाही, फक्त पदर पुढे केला. हे मी परीक्षणात लिहावं का, याचा दोन दिवस विचार केला. पण वर्ग कसा होता हे सांगायचं तर हे वगळून कसं सांगू?

तिसरा शनिवार मात्र बिघडला, आणि बिघडूनही सगळ्यांत जास्त देऊन गेला. वचन होतं, ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.’ पाळकसाहेबांनी सौम्यपणा समजावताना घरातलं उदाहरण घेतलं. कुणी बोललं तरी उलट बोलू नये, सोसावं, देव पाहतो. पुरुषांनी माना डोलावल्या. तेव्हा मागून एक तरुण बाई उभी राहिली. तिचं नाव लिहीत नाही. ती म्हणाली, “पाळकसाहेब, मी सहा वर्षं सोसलं. हाताचं हाड मोडलं तेव्हा मंडळीतल्याच बायका मला हेच वचन म्हणून दाखवत होत्या.” हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. अशी हाडं मी अपघात विभागात किती पाहिली आहेत, आणि ‘जिन्यावरून पडले’ असं किती वेळा लिहून घेतलं आहे. मलाही तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

पाळकसाहेबांनी स्वतःचा बचाव केला नाही. म्हणाले, “तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मला आठवडाभर वेळ द्या.” आणि पुढच्या शनिवारी सुरुवातीची वीस मिनिटं त्यांनी याच वचनाला परत दिली. ‘प्राउस’ हा जो ग्रीक शब्द आहे, तोच येशूने स्वतःसाठी वापरला आहे, ‘मी सौम्य व लीन आहे’ असं म्हणताना. आणि ज्या मोशेला बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात पृथ्वीवरच्या सर्व माणसांहून नम्र म्हटलं आहे, तोच मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहून ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ म्हणाला. मंदिरातले सराफांचे चौरंग पालथे घालणारा येशूही सौम्यच होता. तेव्हा सौम्य म्हणजे मार खाऊन गप्प बसणारा नव्हे. ज्याच्या हातात ताकद आहे आणि जो ती आपल्यासाठी वापरत नाही, तो सौम्य. “मी गेल्या आठवड्यात चुकीचं शिकवलं,” असं ते सर्वांसमोर म्हणाले. मी आयुष्यात बरीच प्रवचनं ऐकली आहेत. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

पण त्या वचनातला दुसरा शब्द उलगडला तो एका आजोबांनी. नेवाशाकडचे, ऐंशीच्या पुढचे, खुर्चीत बसलेले. त्यांनी विचारलं, “वतन म्हणजे काय, ते या पोरांना ठाऊक आहे का?” मुलांनी ‘देश’ असं उत्तर दिलं. मग आजोबा सांगू लागले. “आमच्या आजाला वतन होतं. महारवतन. वतन म्हणजे नावाला तुकडाभर जमीन आणि त्याच्या बदल्यात जन्मभराची चाकरी. रात्री दोनला हाक आली तरी उठायचं. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं. बाबासाहेबांनी 1928 ला कौन्सिलात त्यासाठी बिल मांडलं. कायदा होऊन वतनं जायला 1958 चं साल उजाडावं लागलं. आता माझ्या आजाने येशूचं नाव घेतलं आणि त्याला हे वाचून दाखवलं, की सौम्य ते पृथ्वीचे वतन भोगतील. तो काय समजला असेल?” कुणी उत्तर दिलं नाही. आजोबाच म्हणाले, “तो म्हणायचा, हे वतन बिनवेठीचं.”

नगर जिल्ह्यातली आमची निम्म्याहून अधिक घरं याच वाटेने आली आहेत, आणि आमच्याच मुलांना हा शब्द कळत नाही. येशूच्या गालील प्रांतातही तेव्हा जमिनी जात होत्या, करापायी, कर्जापायी. स्तोत्र 37 मधलं जे वचन येशू उचलतो, तेही जमीन बळकावणाऱ्यांबद्दलच्या स्तोत्रातलं आहे. हे सगळं पुस्तिकेत यायला हवं होतं. पुस्तिकेत या वचनाखाली एका कबुतराचं चित्र होतं.

पुस्तिकेचा विषय निघालाच आहे तर तक्रारी इथेच सांगते. अक्षर फार बारीक आहे. आमच्यासारख्यांना ते ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही. मागे बसलं तर ऐकू येत नाही, कारण माइक तीन शनिवार बंद होता. ही किरकोळ गोष्ट. मोठी तक्रार अशी की लूकच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातली धन्यवचनं पुस्तिकेत नाहीतच. लूककडे ‘आत्म्याने’ हा शब्द नाही. तिथे येशू समोरच्यांकडे बघून सरळ म्हणतो, अहो दीनांनो, तुम्ही धन्य. आणि चार धन्यवचनांपाठोपाठ धनवानांना, तृप्त असलेल्यांना, हसणाऱ्यांना आणि सगळे ज्यांना बरं म्हणतात त्यांना, असं चार वेळा ‘हायहाय’ ऐकवतो. एका मुलाने विचारलं तेव्हा पाळकसाहेबांनी ते वाचून दाखवलं, पण पाचच मिनिटांत. बाहेर आमच्याच गाड्या लावलेल्या होत्या, आम्ही बहुतेक फ्लॅटमध्ये राहणारे. आम्हाला मत्तयाइतकीच लूकचीही गरज होती. पुढच्या वेळी एक अख्खा शनिवार त्याला द्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

केडगाव इथून फार लांब नाही, दौंडच्या अलीकडे. एक दिवस तिथे घेऊन गेले असते तर रमाबाईंवरच्या चार पानांपेक्षा जास्त कळलं असतं.

चौथ्या शनिवारची आखणी चांगली होती. ‘नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले’. त्या दिवशी ज्यांना मधुमेह किंवा गोळ्या नाहीत, त्यांनी दुपारचं न जेवता यायचं, आणि जेवणाचे पैसे पेटीत टाकायचे. पाथर्डीच्या एका काकांनी 1972 चा दुष्काळ सांगितला. खडी फोडायला गेलेली आई, आणि सुकडी. पोट रिकामं असताना ते ऐकणं वेगळं होतं. पेटीतल्या पैशातून सहा घरांना महिन्याचा किराणा गेला. हे करताना फोटो काढले नाहीत, तेही बरं केलं. पाचवं ‘दयाळू’ आणि सहावं ‘अंतःकरणाचे शुद्ध’ ठीक झाले. सहाव्यातली एक गोष्ट मी बरोबर घेतली. स्तोत्र 24 मध्ये देवाच्या डोंगरावर कोण चढेल असं विचारून, ज्याचे हात स्वच्छ व मन शुद्ध, असं उत्तर दिलं आहे. पस्तीस वर्षं मी दर पेशंटनंतर हात धुतले. मनाचं तसं धुणं कधी केलं का, हा प्रश्न मी स्वतःला त्या दिवशी विचारला.

त्याच दिवशी प्रोजेक्टरवर गालील समुद्राकाठच्या धन्यवचनांच्या टेकडीवरचं चर्च दाखवलं. इटालियन वास्तुविशारद बार्लुझी यांनी ते बांधलं, 1938 मध्ये पूर्ण झालं. अष्टकोनी आहे, प्रत्येक बाजूला एक वचन. फोटो सुंदर होते. पण कुणीतरी लगेच यात्रेच्या पॅकेजचे दर विचारले आणि पंधरा मिनिटं त्यात गेली. तो वेळ आठव्या वचनाला हवा होता.

कारण आठवं वचन अक्षरशः घाईत उरकलं. ‘नीतिमत्त्वाकरता ज्यांचा छळ झाला आहे ते धन्य.’ समारोप, प्रमाणपत्रं, फोटो आणि अल्पोपाहार या सगळ्यात वचनाला अर्धा तास मिळाला. एकच गोष्ट स्पष्ट सांगितली गेली आणि ती मोलाची होती. वचनात ‘नीतिमत्त्वाकरता’ हा शब्द आहे. आपल्या आडमुठेपणामुळे कुणी आपल्यावर चिडलं तर तो छळ नव्हे. पण ज्यांना नोकरीत खरं बोलल्याची किंमत द्यावी लागली, अशी दोन माणसं त्या हॉलमध्ये बसली होती. त्यांना बोलायला वेळच मिळाला नाही. प्रमाणपत्र कुणाला हवं होतं?

एवढं सगळं धरून माझं मत विचाराल तर पाचपैकी चार. नाव जरूर द्या. पुस्तिकेवर विसंबू नका, घरचं पवित्र शास्त्र घेऊन जा, पुढच्या रांगेत बसा आणि बोला. हा वर्ग ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणाऱ्यांनी जास्त घडवला.

सातवा शनिवार मागे ठेवला होता, तो आता सांगते. ‘जे शांती करणारे ते धन्य, कारण त्यांना देवाचे पुत्र म्हणतील.’ पाळकसाहेबांनी ‘करणारे’ या शब्दावर बोट ठेवलं. शांती राखणारे नव्हे. राखणारा माणूस विषय काढत नाही, कार्यात दुसऱ्या टोकाला बसतो, आणि आमच्यात भांडण नाही असं सांगतो. करणाऱ्याला उठून जावं लागतं. मग गृहपाठ दिला. एक नाव कागदावर लिहा, कागद घडी करून खिशात ठेवा, आणि पुढच्या शनिवारच्या आत एक पाऊल टाका. समोरचा काय करेल ते तुमच्याकडे नाही.

मी मोठ्या जाऊबाईंचं नाव लिहिलं. सासूबाईंच्या दहाव्या दिवसाच्या प्रार्थनेला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “घरात नर्स असून काय उपयोग झाला?” त्यानंतर आमचं बोलणं नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नाला मी आहेर पाठवला, गेले नाही. सोमवारपासून कागद पर्समध्ये होता. शुक्रवारी संध्याकाळी, मी फोन लावला. नंबर मला पाठ होता.

“कोण?”

“ताई, सलाम. मी बोलतेय, चिंचवडहून.”

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, ठेवला.

“काय झालं? सगळे बरे आहेत ना?”

“बरे आहेत. ताई, त्या वेळी मला यायला हवं होतं. मला सुटी मिळाली नाही, पण नंतर तरी यायला हवं होतं. तुम्ही एकट्यांनी आईंचं सगळं केलं, आणि मी ते कधी बोलून दाखवलं नाही.”

पुन्हा काही नाही. मग म्हणाल्या, “भाकरी तव्यावर आहे. थांब.”

त्यांनी फोन बंद केला नाही, ओट्यावर ठेवला असावा. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एक झाली, दुसरी झाली. मी फोन कानाला लावून बसून राहिले.